कच खाणारा संघ: डॅलस मॅव्हरिक्स (२००६–२०११) आणि 'कणखरपणा' नावाचं कारण



संशोधनाच्या पहिल्या वर्षात गाईडकडून एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही लिहिलंय ते कारण आहे, की निकालालाच दिलेलं दुसरं नाव?" प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये हा घोळ शोधायला बसलं की सापडत नाही. म्हणून आज प्रयोगशाळेतलं उदाहरण बाजूला ठेवू आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा पाच वर्षांचा इतिहास बघू. संघ आहे डॅलस मॅव्हरिक्स. बास्केटबॉल कळत नसलं तरी चालेल, लागतील तेवढे नियम सांगते.

एनबीए या स्पर्धेत प्रत्येक संघ हंगामात ८२ साखळी सामने खेळतो. त्यातून १६ संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत जातात. तिथे दोन संघ एकमेकांशी सात सामन्यांपर्यंत खेळतात, आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या जिंकल्या की विजेतेपद. साखळीत भरपूर जिंकणारा संघ प्लेऑफमध्ये हरला, की त्याच्या चाहत्यांची एक ठरलेली तक्रार असते: आपल्या संघात दम नाही, धक्काबुक्की सुरू झाली की मागे सरतात, ऐनवेळी कच खातात. यासाठी तिथला शब्द आहे 'सॉफ्ट'. कौशल्य कमी आहे असं कुणी म्हटलं तर चाहता वाद घालतो. पण 'सॉफ्ट' म्हटलं तर तो तुटतो, कारण ती टीका खेळावर नसून माणसाच्या स्वभावावर असते.

२००६: जिंकलेली फायनल हातून गेली

डॅलसचा तारा होता डर्क नोविट्झ्की. जर्मनीतल्या वुर्झबुर्गचा, सात फूट उंच, आणि तरीही लांबून अचूक बास्केट टाकणारा. उंच माणसाने बास्केटखाली उभं राहून अंगाने भिडायचं, ही जुनी अपेक्षा. हा मात्र बाहेर थांबून मारा करायचा. त्यामुळे सॉफ्ट असल्याची शंका त्याच्यावर पहिल्यापासून होतीच.

मे २००६ मध्ये डॅलसची गाठ आदल्या वर्षीच्या विजेत्या सॅन अँटोनियो स्पर्सशी पडली. सातवा, निर्णायक सामना परक्या मैदानावर होता. डॅलसने मोठी आघाडी घालवली आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात संघ तीन गुणांनी मागे पडला. नोविट्झ्की थेट बास्केटकडे घुसला, अंगावर फाउल घेत बास्केट केलं, मिळालेला फ्री थ्रोही टाकला आणि बरोबरी साधली. डॅलसने जादा वेळेत सामना जिंकला. नोविट्झ्कीचे ३७ गुण, १५ रिबाउंड.

जूनमध्ये डॅलस पहिल्यांदाच फायनलमध्ये पोचलं. समोर मायामी हीट. पहिले दोन सामने डॅलसने १० आणि १४ गुणांनी जिंकले. तिसऱ्या सामन्यात शेवटची सहा-सात मिनिटं उरलेली असताना १३ गुणांची आघाडी होती. ती गेली. अखेरच्या सेकंदांत, दोन गुणांनी मागे असताना, नोविट्झ्कीला दोन फ्री थ्रो मिळाले. त्यातला एक चुकला. डॅलस ९६–९८ ने हरलं, आणि मग पुढचे तिन्ही सामनेही हरलं. पाचव्या सामन्यात मायामीच्या एकट्या ड्वेन वेडला २५ फ्री थ्रो मिळाले, तेवढेच सगळ्या डॅलस संघाला मिळून! पंचांवरचा तो राग डॅलसमध्ये पुढे कित्येक वर्षं धुमसत होता.

आता इथे थांबून दोन नोंदी करू. एक, चार पराभवांपैकी तीन अनुक्रमे २, १ आणि ३ गुणांनी झाले. दोन, सॅन अँटोनियोतला तो सामना आणि मायामीतला चुकलेला फ्री थ्रो यांत फक्त तीन आठवड्यांचं अंतर आहे. माणूस तोच. कणखरपणा हा स्वभावाचा टिकाऊ गुण असेल तर तो मे महिन्यात कुठून आला आणि जूनमध्ये कुठे गेला?

२००७: ६७ विजय आणि पहिल्याच फेरीत घरी

पुढच्या हंगामात डॅलसने ८२ पैकी ६७ सामने जिंकले. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर आला आठव्या क्रमांकाचा, ४२ विजयांचा गोल्डन स्टेट वॉरियर्स. डॅलस २–४ ने हरलं. सात सामन्यांच्या पहिल्या फेरीत आठव्या मानांकिताने अव्वल मानांकिताला हरवण्याची ती पहिलीच वेळ. शेवटच्या सामन्यात नोविट्झ्कीचे १३ पैकी फक्त २ नेम लागले. त्यानंतर काही दिवसांनी त्याला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवण्यात आलं. संघ घरी बसलेला आणि हातात चषक, असं ते विचित्र दृश्य होतं.

मग २००६ आणि २००७ एकत्र जोडले गेले आणि गोष्ट पूर्ण झाली: हा संघ सॉफ्ट आहे. २००८ मध्ये पहिल्या फेरीत हार, २००९ मध्ये दुसऱ्या फेरीत हार, २०१० मध्ये पुन्हा पहिल्या फेरीत हार. दर वर्षी चाहत्याला आणखी एक पुरावा मिळत गेला.

पण पुरावा कशाचा? २००७ च्या पराभवाची दुसरी स्पष्टीकरणंही उपलब्ध होती. गोल्डन स्टेटचा प्रशिक्षक डॉन नेल्सन २००५ पर्यंत डॅलसचाच प्रशिक्षक होता. नोविट्झ्कीला एनबीएमध्ये त्यानेच वाढवलं होतं, त्यामुळे त्याला काय खटकतं हे नेल्सनला पक्कं ठाऊक होतं. त्याने बुटके पण चपळ आणि अंगाला चिकटून खेळणारे खेळाडू त्याच्यामागे लावले. आणि मुख्य म्हणजे, त्या हंगामाच्या साखळीतले तिन्ही सामने गोल्डन स्टेटनेच जिंकले होते. म्हणजे अडचण प्लेऑफच्या दडपणाची होती असं म्हणायच्या आधी लक्षात घ्यायला हवं, की ही अडचण दडपण नसतानाही दिसत होती. संशोधनाच्या भाषेत याला प्रतिस्पर्धी गृहीतक म्हणतात. आपलं आवडतं कारण निकालाशी जुळतं एवढं पुरत नाही, दुसरं कुठलं कारण त्याच निकालाशी जुळतं का हेही तपासावं लागतं.

२०११: तोच शब्द, उलट बाजूने

२०११ च्या प्लेऑफची सुरुवातही जुन्या वळणानेच झाली. पहिल्या फेरीत पोर्टलंडविरुद्ध चौथ्या सामन्यात डॅलसने २३ गुणांची आघाडी घालवली आणि सामना गमावला. त्या रात्री "बघा, पुन्हा तेच" असं म्हणणाऱ्याकडे पाच वर्षांचा पुरावा होता.

त्यानंतर डॅलसने पोर्टलंडला हरवलं, सलग दोन वर्षं विजेत्या असलेल्या लॉस एंजलिस लेकर्सना ४–० ने उडवलं, ओक्लाहोमा सिटीला ४–१ ने हरवलं आणि फायनलमध्ये पुन्हा मायामी समोर आलं. पहिल्या सामन्यात नोविट्झ्कीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्या सामन्यात डॅलस सात मिनिटं बाकी असताना १५ गुणांनी मागे होतं, ते ९५–९३ ने जिंकलं. विजयी बास्केट नोविट्झ्कीने त्याच दुखऱ्या डाव्या हाताने टाकलं. चौथ्या सामन्यात तो १०१ अंश ताप अंगात असताना खेळला आणि डॅलस ८६–८३ ने जिंकलं. १२ जून २०११ रोजी मायामीतच १०५–९५ ने सहावा सामना जिंकून डॅलसने पहिलं विजेतेपद मिळवलं.

दुसऱ्या दिवसापासून नोविट्झ्की कणखरपणाचं प्रतीक झाला आणि 'ऐनवेळी कच खाणारा' हा शिक्का मायामीच्या लेब्रॉन जेम्सवर बसला. चौथ्या सामन्यात त्याचे फक्त ८ गुण होते. एका वर्षाने, जून २०१२ मध्ये, बोस्टनविरुद्ध हरलो तर बाहेर अशा सामन्यात त्याच जेम्सने ४५ गुण केले, मग विजेतेपद मिळवलं आणि तो शिक्काही पुसला गेला.

आता सहाव्या सामन्याकडे जरा बारकाईने बघा. पहिल्या अर्ध्यात नोविट्झ्कीचे १२ पैकी एकच नेम लागला होता. तेव्हा संघाला तारलं जेसन टेरीने, ज्याने त्या सामन्यात २७ गुण केले. डॅलस तो सामना आणि नंतर सातवाही हरलं असतं, तर '१२ पैकी १' हा आकडा नोविट्झ्कीच्या नावापुढे आयुष्यभर चिकटला असता. जिंकल्यामुळे तो आज फार थोड्यांना आठवतो. खेळाडूची कामगिरी तीच, फक्त शेवटचा निकाल बदलला की तिचा अर्थ बदलतो. मग 'कणखरपणा' निकाल घडवतोय, की निकाल 'कणखरपणा' ठरवतोय?

तुलनेसाठी आणखी दोन माणसं

एका संघावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून शेजारचा एक संघ घेऊ. लेकर्सचा पाउ गॅसोल स्पेनचा, नोविट्झ्कीसारखाच उंच आणि हळुवार हाताचा. २००८ च्या फायनलचा शेवटचा सामना लेकर्स बोस्टनविरुद्ध ९२–१३१ असे हरले आणि 'सॉफ्ट' हा शब्द गॅसोलच्या आडनावाला जोडून चिडवलं जाऊ लागलं. दोनच वर्षांनी त्याच बोस्टनविरुद्ध, फायनलच्या सातव्या सामन्यात त्याने १९ गुण आणि १८ रिबाउंड मिळवले. लेकर्स ८३–७९ ने जिंकले.

त्याच सामन्यात कोबी ब्रायंटचे २४ पैकी ६ नेम लागले. ब्रायंटला 'सॉफ्ट' म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याने १५ रिबाउंड घेतले, २३ गुण केले, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. २००७ चे '१३ पैकी २' आणि २०१० चे '२४ पैकी ६' हे सारखे नाहीत, मान्य. पण दोन्ही वाईटच आहेत. एक पराभवात पडले म्हणून चारित्र्याचा दोष ठरले, दुसरे विजयात पडले म्हणून जिद्दीच्या कथेत विरघळले. शिवाय युरोपातून आलेल्या दोघांवर 'सॉफ्ट' हा शिक्का इतक्या पटकन बसावा, यात खेळाच्या निरीक्षणाइतकाच पूर्वग्रहाचाही भाग असणार.

बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या, १८१४ साली पेटलेल्या संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना आणखी वेगळं. मग विचारलं, आधीच्या माहितीवरून कुठला निकाल किती संभाव्य वाटला असता? ज्याला जो निकाल सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभाव्य वाटला, आणि वर्णनातले त्याला जुळणारे तपशीलच जास्त महत्त्वाचे वाटले. निकाल कळल्यावर आपण पुरावा वेगळ्या नजरेने वाचतो, आणि तसं वाचतोय हे आपल्याला जाणवत नाही. इतिहास लिहिणारा, प्रबंध लिहिणारा आणि चाहता, तिघांनाही हे लागू आहे.

थोडं गणित

समजा, एखादा संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्पष्टपणे चांगला आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६५ टक्के आहे. प्रत्येक सामना स्वतंत्र धरला तर सात सामन्यांची मालिका तो जिंकेल याची शक्यता येते सुमारे ८० टक्के. म्हणजे पाचांतून एकदा चांगलाच संघ हरणार, त्यात कुणाच्या काळजाचा काही संबंध नाही. आणि विजेतेपदासाठी अशा चार मालिका लागतात: ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.४१. चारही फेऱ्यांत वरचढ असलेला संघसुद्धा विजेतेपद मिळवण्यापेक्षा न मिळवण्याचीच शक्यता जास्त!

चुकलेल्या फ्री थ्रोचंही तसंच. नोविट्झ्की त्या हंगामात दहापैकी नऊ फ्री थ्रो टाकत होता. अशा माणसाचे दोन्ही पडण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१ टक्के. उरलेल्या १९ टक्क्यांत, म्हणजे साधारण पाचांतून एकदा, किमान एक चुकणारच. दडपण अजिबात नसलं तरी.

पण चाहते मूर्ख आहेत का?

इथे लेख संपवला असता तर सोपं झालं असतं. आकडेवारी शिकलेल्या आपल्यासारख्यांना "सगळा योगायोग आहे" असं म्हणून मोकळं व्हायला आवडतं. पण बास्केटबॉलच्याच इतिहासात यावर एक धडा आहे.

१९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी 'हॉट हँड'वर शोधनिबंध लिहिला. सलग दोन-तीन नेम लागले की पुढचाही लागण्याची शक्यता वाढते, असं त्यांनी विचारलेल्या १०० चाहत्यांपैकी ९१ जणांना वाटत होतं. व्यावसायिक सामन्यांच्या आकडेवारीत त्यांना तसं काही दिसलं नाही. पुढची तीस वर्षं हा निबंध 'लोकांना योगायोगात आकृत्या दिसतात' याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण होता. मग २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी दाखवून दिलं, की मोजण्याच्या पद्धतीतच एक बारीक कल होता. स्वतः करून बघा: नाणं तीनदा उडवल्यावर येणारे आठही क्रम लिहा. प्रत्येक क्रमात छाप्यानंतर लगेच छापा किती टक्के वेळा आला ते काढा आणि ज्या सहा क्रमांत ते काढता येतं त्यांची सरासरी घ्या. उत्तर ५० टक्के यायला हवं असं वाटतं, पण येतं सुमारे ४२. ही दुरुस्ती केल्यावर जुन्या आकडेवारीतच 'हॉट हँड'च्या खुणा दिसू लागल्या. चाहते अगदीच चुकीचे नव्हते.

दडपणाखाली कौशल्य ढासळतं, हेही खरं आहे. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं, की स्वतःच्या हालचालींकडे जास्त लक्ष गेलं की सरावाने अंगवळणी पडलेली गोष्ट बिघडते. म्हणजे 'कच खाणे' ही घटना अस्तित्वात आहे. अडचण इतकीच, की पराभव पाहून मागाहून तिचं निदान करता येत नाही.

मग चाहत्याच्या तक्रारीचं काय करायचं? तिची फोड करायची. 'कणखरपणा' या एका शब्दात निदान तीन गोष्टी कोंबलेल्या असतात: अंगाने भिडण्याची ताकद, दडपणाखाली कौशल्य टिकणं, आणि पिछाडीवर असतानाही ठरलेली योजना न सोडणं. पहिली गोष्ट रिबाउंड, बास्केटखालचा बचाव अशा रूपात बऱ्यापैकी मोजता येते. आणि तिथे डॅलसमध्ये खरोखर बदल झाला होता. २०१० च्या उन्हाळ्यात त्यांनी टायसन चँडलर हा बचावात भक्कम असा उंच खेळाडू आणला. २००८ पासून प्रशिक्षकही बदलला होता, रिक कार्लाइल. २००६ च्या फायनलमधल्या डॅलस संघातले २०११ मध्ये उरले होते दोनच: नोविट्झ्की आणि टेरी. तेव्हा "संघ कणखर व्हायला शिकला" या वाक्यातला 'संघ' नक्की कोण? आपण ज्याचा अभ्यास करतोय ते एकक पाच वर्षांत तेच राहिलंय का, हा प्रश्न तुमच्या प्रबंधातही येईल, मग ते गाव असो, पेशींचा वंश असो की संस्था असो.

आपल्यासाठी यात काय?

'कारण' म्हणून एखादा शब्द लिहिण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. निकाल कळण्याआधी हे मोजता आलं असतं का? निकाल उलटा लागला असता तर मी हाच शब्द वापरला असता का? आणि हे कारण नसतानाही असा निकाल किती वेळा लागतो? डॅलसच्या बाबतीत 'सॉफ्ट' हा शब्द पहिल्या प्रश्नावर अडतो, दुसऱ्यावर पडतो, आणि तिसरा त्याला कधी विचारलाच गेला नाही. चँडलरचं येणं मात्र निकालाच्या आधी नोंदवता येतं. ते निदान तपासायला उभं राहू शकतं.

हे फक्त खेळापुरतं नाही, म्हणून एवढं लिहिलं. पीएच.डी. अर्धवट सोडून गेलेल्या विद्यार्थ्याबद्दल आपल्या विभागांमध्ये काय बोललं जातं, आठवून बघा. "त्याच्यात चिकाटी नव्हती." "तिला दडपण झेपलं नाही." फेलोशिप किती महिने रखडली होती, उपकरण किती काळ बंद होतं, गाईड मध्येच बदलला का, घरचं कुणी आजारी होतं का, हे सगळं मोजता येण्यासारखं असतं, पण ते कुणी विचारत नाही. आणि त्याच अडचणींतून जाऊन ज्याचा प्रबंध पूर्ण झाला, त्याच्या सत्कारात त्याच अडचणी चिकाटीचा पुरावा म्हणून सांगितल्या जातात. जो गेला त्याची बाजू सांगायला सभागृहात कुणी नसतं.

नोविट्झ्कीला स्वतःवरचा शिक्का पुसायला पाच वर्षं आणि एक विजेतेपद लागलं. बहुतेकांना दुसरी फायनल मिळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणाबद्दल "कच खाल्ली" म्हणायचा मोह झाला, की आधी विचारा: सामना किती गुणांनी गेला होता?

पुढच्या लेखात बघू, प्रतिस्पर्धी गृहीतकं सिनॉप्सिसमध्ये नेमकी कुठे आणि कशी मांडायची. तोवर तीन नाण्यांचं ते गणित स्वतःच्या हाताने करून ठेवा, मोठी टेबलं समोर आली की त्याचा उपयोग होईल.